टेम्पोवर न चढलेली गाडी

मोठ्या मोटारसायकलींचे मालक गाडी दुरुस्तीला आणण्याआधी धुऊन आणतात. बाहेरच्या माणसाला याचं कौतुक वाटेल, आम्हा मेकॅनिकांना मात्र ती डोकेदुखी असते. गाडीतून तेल कुठून झिरपतंय हे धुळीवरच्या ओल्या डागावरून कळतं. डागच पुसून आणला, तर आम्ही बघायचं काय? शेवटी वारज्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी पाटी लावली: ‘गाडी धुऊन आणू नये. धुतलेली गाडी चार दिवस चालवून, मळवून मग आणावी.’ लोकांनी पाटीचे फोटो काढले, हसले, आणि गाड्या धुऊनच आणत राहिले.

मी मूळचा लोणी काळभोरचा. वडील पाण्याच्या पंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. मी पुण्यात आलो, स्कूटरी केल्या, मोटारसायकली केल्या, एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये राबलो आणि मग इरफान आणि मी मिळून वर्कशॉप टाकलं. इरफान माझ्याच वयाचा, माझ्याहून हुशार आणि माझ्याहून तोंडाळ. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी संप केला, तेव्हापासून मी खुर्चीत बसून सल्ले देतो आणि तो ते ऐकत नाही. पण सगळं आयुष्य सांगत बसत नाही. एका गाडीबद्दल आणि एका वाक्याबद्दल सांगतो. ते वाक्य माझं होतं.

आमच्याकडे ज्या गाड्या येतात, त्यांना ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात. उंच, अडीचशे किलोच्या, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लावलेल्या. लेह-लडाखला जाण्यासाठी घेतात आणि बहुतेक वेळा कोथरूडहून औंधला नेतात. तालुक्याच्या गावात एखादं छोटं घर येईल एवढ्या किमतीत एक गाडी येते. एवढं घातल्यावर माणूस गाडीला नावं कशी ठेवणार? घरातलं दुखणं जसं लोक हळू आवाजात सांगतात, तसे हे लोक गाडीतला बिघाड सांगतात. एका वकीलसाहेबांच्या गाडीतला पेट्रोल खेचणारा पंप तीनदा जळाला. तिन्ही वेळा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “गाडीचा दोष नाही हो. हल्ली पेट्रोलच भेसळीचं येतं.” दुसऱ्या एकांच्या गाडीचा वेग दाखवणारा पडदा काळा पडला, तर म्हणाले, “बरं झालं. तसंही किती वेगानं जातोय ते मी बघतच नाही.”

गाड्या वाईट असतात असं नाही, उलट चांगल्याच असतात. पण प्रत्येक जातीचा एक नाजूक कोपरा असतो आणि तो मेकॅनिकला ठाऊक असतो. ज्या मॉडेलची ही हकीकत आहे, त्या गाडीला साखळी नव्हती. इंजिनाची ताकद एका बंद दांड्यातून मागच्या चाकापर्यंत जाते आणि चाकाजवळ एक गिअरचा डबा असतो. त्याला ‘फायनल ड्राइव्ह’ म्हणतात. त्यात वाटीभर तेल आणि एक मोठं बेअरिंग. ते बेअरिंग झिजायला लागलं की आधी तेल झिरपतं, मग चाक हलायला लागतं आणि तरीही दुर्लक्ष केलं, तर एखाद्या दिवशी चाक जाम होतं. धावत्या गाडीचं मागचं चाक जाम होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

या मॉडेलच्या पुण्यातल्या मालकांचा एक ग्रुप होता. वीस-पंचवीस जण. त्यांची एक रीत होती, तिला ते ‘लाखोळी’ म्हणत. देवाला तुळशीची लाखोळी वाहतात, तशी गाडीनं लाख किलोमीटर वाहिले की तिची पूजा. हार, ओवाळणी, नारळ, मिसळ आणि गाडीवर लावायला पितळेचा एक छोटा बिल्ला. मात्र एक अट होती. गाडी आयुष्यात एकदाही टेम्पोवर चढलेली नसावी. रस्त्यात बंद पडून टेम्पोत घालून आणावी लागली, तर बिल्ला नाही. आणि तशी चढलेली नाही याची साक्ष चारचौघांत कोणी द्यायची? मेकॅनिकनं. म्हणजे मी. मला हा मान आवडायचा, खोटं कशाला बोलू? इस्त्रीचा शर्ट घालून जायचो.

डॉक्टर अभ्यंकर या ग्रुपचे म्होरके. कर्वे रस्त्यावर दातांचा दवाखाना, वय पंचावन्नच्या आसपास. नऊ वर्षं माझ्याकडे येत होते. गाडी इतकी धुवायचे की नटबोल्टांवरचा रंग गेला होता. चौऱ्याण्णव हजार किलोमीटरला मी फायनल ड्राइव्हचं तेल काढलं. त्या डब्याच्या बुचाला लोहचुंबक असतं. त्यावर राखेसारखा मऊ गाळ असला तर चालतं. डॉक्टरांच्या बुचावर धातूची चमकी होती, चिमटीत धरली तर टोचणारी. मी ती वर्तमानपत्रावर पुसून त्यांना दाखवली.

“बेअरिंग जातंय, डॉक्टर. बदलू.”

“किती दिवस काढेल?”

“ते सांगता येत नाही.”

“म्हणजे काढेल,” डॉक्टर म्हणाले. “लाख होऊ द्या, मग बघू. सहा हजारांचाच तर प्रश्न आहे.”

पेशंटचा दात हलतो म्हटलं की हा माणूस लगेच पक्कड उचलतो. गाडीचं चाक हलतंय म्हटलं, तर ‘बघू’. मी दोनदा सांगितलं आणि सोडून दिलं. गिऱ्हाईक शहाणं आहे असं मानून चालण्याची आमच्या धंद्यात पद्धत आहे.

लाखाला चौदाशे किलोमीटर कमी असताना, एका रविवारी सकाळी अकराला त्यांचा फोन आला. “जगताप, मी साताऱ्याहून येतोय. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी थांबलोय. मागून खरखर येतेय.”

“गाडी हलवू नका. टेम्पो घेऊन येतो.”

“टेम्पो नको.”

“मग?”

“तुम्ही या.”

मला अर्थ कळायला मिनिटभर लागलं. गाडी टेम्पोत चढायला नको होती. वर्कशॉप टेम्पोत चढून गाडीकडे यायला त्यांची काही हरकत नव्हती. तो पुणेरी बारकावा मला, खरं सांगतो, आवडला. त्याच मॉडेलची एक अपघातात मोडलेली गाडी आम्ही सुट्या भागांसाठी घेऊन ठेवली होती. तिचा फायनल ड्राइव्ह उतरवला, हत्यारांच्या पेट्या भरल्या आणि निघालो. रस्ताभर इरफान एकच म्हणत होता, “उस्ताद, आपण टेम्पो घेऊन चाललोय. टेम्पोत जागा आहे. तिथं गाडी आहे. मला यात अडचण दिसत नाही.”

रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून आम्ही दोन तासांत आख्खा डबा बदलला. काढलेल्या डब्यातलं बेअरिंग हातात आलं तेव्हा त्यातल्या गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा फुटलेला होता. अजून दहा किलोमीटर चालवली असती, तर चाक जाम झालं असतं. मी पिंजऱ्याचा एक तुकडा डॉक्टरांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “कुठे बोलू नका हं, जगताप.”

“नाही बोलत,” मी म्हणालो.

परतताना डॉक्टर पुढे गाडीवर आणि मागे आमचा रिकामा टेम्पो. इरफान म्हणाला, “वरातीतला बँडवाला झालोय मी.” मी हसलो. उघड्या रस्त्यावर एवढं काम करून दाखवल्याची मला घमेंड होती. ते कोणाला सांगता येणार नाही, एवढीच काय ती खंत.

महिन्याभरात लाखोळी झाली. पौड रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या अंगणात, सकाळी. गाडीला झेंडूचा हार, डॉक्टरांनाही हार. त्यांच्या पत्नीनं दोघांनाही ओवाळलं, आधी गाडीला. मग मला पुढे बोलावलं आणि मी म्हणालो, “डॉक्टरांची गाडी माझ्याकडे एकदाही टेम्पोतून आलेली नाही.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. टाळ्या वाजल्या. इरफान मिसळीत मान घालून बसला होता.

सायली त्या दिवशी तिथं होती. सायली चौधरी, अमरावतीची, खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. तिशीतली. तिनं हेच मॉडेल जुनं घेतलं होतं, अठ्ठावन्न हजार चाललेलं. उंची बेताची, त्यामुळे सिग्नलला तिचा एकच पाय जमिनीला टेकायचा, तोही चवड्यावर. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत पाटी वाचून मळकी गाडी आणणारी ती एकटीच. म्हणून मला तिचं कौतुक होतं. ती मला काका म्हणायची आणि मी सांगेन ते प्रमाण मानायची.

टाळ्या थांबल्यावर तिनं तिथूनच विचारलं, “काका, एक डाउट होता. माझ्या मागच्या चाकाजवळ थोडं ऑइल दिसतंय. बाहेरच्या देशातल्या ऑनलाइन फोरमवर लोक फायनल ड्राइव्हबद्दल खूप लिहितात. नेक्स्ट वीकमध्ये हंपीला चाललोय आम्ही. एकदा ओपन करून बघायचा का?”

याला एकच उत्तर होतं, ‘उद्या सकाळी गाडी घेऊन ये.’ एवढे चार-पाच शब्द. पण अंगणात सगळे ऐकत होते. डॉक्टर गळ्यात हार घालून माझ्याकडे बघत होते. मी ‘आण’ म्हटलं असतं, तर कोणीतरी ‘का?’ विचारलं असतं आणि त्या ‘का’चं उत्तर खंबाटकीच्या पायथ्याशी होतं. मी म्हणालो, “अगं, डॉक्टरांच्या गाडीचे लाख झाले. तुझ्या गाडीचे साठ हजारसुद्धा नाहीत. फोरम वाचत बसलीस, तर गाडी पार्किंगमधून निघायची नाही.”

सगळे हसले. सायलीही हसली. “ओके काका,” म्हणाली.

नंतर तिला गाठून सांगता आलं असतं. संध्याकाळी फोन करता आला असता. पुढचे सहा दिवस होते. मी सर्व्हिसिंगच्या गर्दीत होतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. गर्दी होती हे खरं आहे, पण फोन करायला अर्धं मिनिट लागतं.

निपाणीच्या अलीकडे तिचं मागचं चाक जाम झालं. सेवा रस्त्यावर होती, वेग कमी होता, मागून ट्रक नव्हता, म्हणून निभावलं. गाडी उजव्या अंगावर पडली आणि पत्र्याच्या पेटीखाली तिचा घोटा सापडला. बरोबरच्या मित्राचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. त्यानं ‘काका, चाक लॉक झालं’ म्हटलं आणि पुढचं मला सगळं आधीच माहीत होतं. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी इरफान आणि मी टेम्पो घेऊन कोल्हापूरला गेलो. गाडी भरायची होती. पण आधी दवाखान्यात गेलो. तिच्या घोट्यात धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या. आई उशाशी बसली होती, अमरावतीहून रात्रभर प्रवास करून आलेली. मला बघून सायली म्हणाली, “काका, एवढ्या लांब कशाला आलात?”

मी उभ्या उभ्याच सांगितलं. चमकी, फोन, खंबाटकी, ताडपत्री, फुटलेला पिंजरा, सगळं. इरफाननं खुर्ची पुढे केली तरी बसलो नाही. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

ती ऐकत होती. एरवी निम्मं इंग्रजी बोलणारी मुलगी, पण त्या वेळी तिचं घरचं बोलणं वर आलं. “काका, चारचौघांत नसतं बोलता येत, मले समजते. पण मले बाजूले घेऊन नुसतं सांगतलं असतं, तरी झालं असतं.”

तिची आई उठली. तिनं मला पाणी दिलं. 

पुण्याला आल्यावर पहिला फोन डॉक्टरांना केला. “खंबाटकीचं मी सगळ्यांना सांगणार आहे,” म्हटलं.

“माझं नाव घेणार?”

“घ्यावं लागेल. नाहीतर कोणी ऐकणार नाही.”

“नऊ वर्षं तुमच्याकडे येतोय, जगताप.”

“म्हणून आधी तुम्हाला फोन केला.”

फोन ठेवला गेला. त्यानंतर डॉक्टर वर्कशॉपला आले नाहीत. माझ्या जुन्या नोंदींमध्ये त्या मॉडेलच्या आणखी चौदा गाड्या निघाल्या. चौदा जणांना मी स्वतः फोन केले. तिघांनी सांगितलं, “आमच्या गाडीला काही होत नाही.” अकरा जण आले. नऊ गाड्या ठीक निघाल्या. दोघांच्या बुचावर तीच चमकी होती. त्यातल्या एकानं माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, “थँक यू, जगताप. फक्त हे ग्रुपवर टाकू नका.”

ग्रुपवर मी टाकलंच. मग मला ग्रुपमधून काढलं. लाखोळीची साक्षही अर्थातच दुसऱ्याकडे गेली. पुढे एकदा कर्वे रस्त्यावर सिग्नलला डॉक्टरांची गाडी शेजारी येऊन थांबली. लखलखीत धुतलेली. पण टाकीच्या कव्हरवर बिल्ला नव्हता, त्याच्या स्क्रूंची दोन भोकं तेवढी होती. डॉक्टरांनी मान हलवली, मीही हलवली. सिग्नल सुटला. त्यांनी तो बिल्ला केव्हा काढला आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे मला कळलं नाही. मी त्यांना खोटं बोलायला लावलं नव्हतं आणि त्यांनी मलाही नाही. आम्ही दोघांनी मिळून फक्त एक खरं वाक्य तयार केलं होतं.

सायलीची गाडी आमच्याकडे सात महिने उभी होती. ती विकणार असं इरफानला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं आणि विकली तर बरं, असंही वाटत होतं, म्हणजे रोज समोर दिसली नसती. नवं बेअरिंग आलं. मी गुडघ्यांची कुरकुर बाजूला ठेवून ते स्वतः बसवलं. आणि एका शनिवारी सकाळी सायली रिक्षातून उतरली. किंचित लंगडत होती. बगलेत हेल्मेट.

मी विचारलं, “विकायची आहे का? गिऱ्हाईक बघू?”

“विकू? का?” तिला खरंच आश्चर्य वाटलं. “गाडीनं काय केलं, काका? ती तर दाखवत होती, ऑइल काढून काढून. माझंच चुकलं, मी तुम्हाला विचारलं.”

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. हिशेब लावावा तशी बोलली. इरफान आत निघून गेला.

मी किल्ली पुढे केली आणि सवयीनं म्हणालो, “गाडी एकदम ओके आहे. बिनधास्त जा.”

तिनं किल्ली घेतली नाही. “काका, हे मला सांगताय, की सगळ्यांना सांगताय?”

वर्कशॉपमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मी किल्ली टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि तिला गाडीभोवती फिरवलं. पुढच्या फोर्कचं डावं सील दोन महिन्यांत जाईल. मागचा शॉकअप थकलाय. उजव्या पेटीचं ब्रॅकेट जोडून घेतलंय, पण खड्ड्यात तुटेल, वजन त्या बाजूला कमी ठेव. पुढचा टायर वरून चांगला दिसतो, पण रबर कडक झालंय, पावसाच्या आत बदल. फायनल ड्राइव्हचं तेल हजार किलोमीटरला पुन्हा काढायचं, मी चांगलं आहे म्हटलं तरी काढायचं, आणि बूच स्वतः बघायचं. क्लच थोडा उशिरा सुटतो, तो मला जमला नाही, इरफानलाही जमला नाही.

“अजून?” तिनं विचारलं.

“ही गाडी तुझ्या उंचीला मोठी आहे. आधीही होती. मी कधी बोललो नाही.”

“अजून?”

मी विचार केला. “सध्या एवढंच आठवतंय.”

तिनं किल्ली उचलली, उजवा पाय हातानं उचलून सीटवरून पलीकडे टाकला आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

“आता जाते,” म्हणाली. “एवढी खराब आहे म्हणता, म्हणजे चालेल.”